ही-मॅनच्या पोटात काय असतं?

ही-मॅन जन्माला आला तोच मुळी दुसऱ्याच्या अंगावर माती थापून. १९८० च्या सुमाराची गोष्ट. कॅलिफोर्नियातली मॅटेल कंपनी तेव्हा हात चोळत बसली होती. ‘स्टार वॉर्स’ची खेळणी बनवायचा परवाना तिने नाकारला, सिनसिनाटीच्या केनर कंपनीने तो घेतला आणि पोत्याने पैसा ओढला. आता मुलग्यांसाठी आपलं स्वतःचं काहीतरी हवं, म्हणून डिझायनरांच्या मागे तगादा लागला. रॉजर स्वीट हा त्यांच्यातला एक. त्याने कोऱ्या मातीतून काही घडवायला घेतलंच नाही. कंपनीचाच ‘बिग जिम’ नावाचा जुना बाहुला उचलला, लढाईच्या पवित्र्यात उभा करून त्याचे सांधे चिकटवून टाकले आणि वरून माती लावून दंड, छाती, मांड्या फुगवल्या. असे तीन पहिलवान केले: एक रानटी योद्धा, एक सैनिक, एक अंतराळवीर. त्यांचे प्लास्टरचे नमुने साहेबांच्या बैठकीत मांडले आणि त्यातूनच १९८२ मध्ये ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ची फौज दुकानात आली.

ही-मॅनचा बाप कोण, स्वीट की आधीपासून तसल्या योद्ध्यांची चित्रं काढणारा मार्क टेलर, हा वाद पुढे अनेक वर्षं चालला. त्यात मला पडायचं नाही. मला मजा वाटते ती एवढीच, की पीळदार खेळण्यांच्या या राजाचा पहिला नमुना आमच्या भाषेत सांगायचं तर ‘कस्टम’ होता. तयार बाहुला घ्यायचा, त्याला हवा तसा बदलायचा. मी ठाण्यात राहतो, दिवसा छपाईच्या डिझाइनची कामं करतो आणि रात्री टेबललॅम्प लावून हेच करतो. घरी आलेला पाहुणा टेबलावरची मुंडकी, हात आणि अर्धी धडं बघून हमखास विचारतो, “चांगली खेळणी का मोडता हो?” तेव्हा मी त्याला बसवून स्वीटची गोष्ट सांगतो. चहा होईपर्यंत ती पुरते.

चहा लांबलाच तर बॅटल कॅटचीही सांगतो. ही-मॅन ज्या हिरव्या वाघावर बसतो तो वाघ मुळात बिग जिमच्या खेळण्यांतला. बिग जिम जवळजवळ दहा इंची, ही-मॅन साडेपाच इंची. त्यामुळे तो वाघ ही-मॅनशेजारी ठेवला की भलताच मोठा दिसायचा. नवा साचा पाडायला पैसे नव्हते. मग कुणीतरी म्हणालं, एवढा मोठा आहे तर पाठीवर खोगीर टाका आणि बसू दे त्याला वर. रंग हिरवा, पट्टे नारिंगी, झाला नवा प्राणी तयार. पोलादी साचा हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च. तो एकदा केला की त्यातून जेवढं पिळून काढता येईल तेवढं काढायचं. फेकर नावाचा खलनायक म्हणजे निळ्या अंगाचा ही-मॅन, वर स्केलेटरचं चिलखत. मॉस मॅन म्हणजे बीस्ट मॅनच्या अंगावर हिरवी लव. १९८५ चा स्टिंकॉर तर कहर. डोकं मर-मॅनचं, चिलखत मेकानेकचं, रंग स्कंक नावाच्या त्या घाणेरड्या वासाच्या प्राण्याचा, आणि वास यावा म्हणून प्लास्टिकमध्येच पाचोलीचं तेल मिसळलेलं. चाळीसएक वर्षं झाली, जुन्या स्टिंकॉरला अजून वास येतो. तिकडे केनरमध्येही तीच तऱ्हा. ‘स्टार वॉर्स’च्या छोट्या फिगरांचे अगदी सुरुवातीचे नमुने तिथल्या लोकांनी फिशर-प्राइसच्या ‘ॲडव्हेंचर पीपल’ची मोडतोड करून बनवले होते. थोडक्यात काय, मोडतोड ही या धंद्याची मूळ विद्या आहे. कंपन्यांनी ती केली तर प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, आम्ही केली तर पोरकटपणा.

फरक एवढाच, की कंपनीच्या माणसाला सुटे भाग मिळतात. आम्हाला मिळते ती कारखान्यातून बंद होऊन आलेली फिगर.

ही ‘बंद’ करण्याची तऱ्हा समजली की अर्धं काम झालं. नवशिका काय करतो, तर आणल्या आणल्या ब्लेड चालवतो. आधी बघायचं असतं ते प्लास्टिक. एकाच सहा इंची फिगरमध्ये तीन प्रकारचं प्लास्टिक सहज असतं. डोकं, पंजे, बूट, केप हे मऊसर पीव्हीसीचं. छाती-पाठ आणि पुष्कळदा मांड्या कडक एबीएसच्या. कोपर-गुडघ्यातल्या खुंट्या बऱ्याचदा पीओएम नावाच्या गुळगुळीत, चिवट प्लास्टिकच्या. नखाने टिचकी मारली तरी कळतं: एबीएस खणखणीत वाजतं, पीव्हीसी मुकं असतं. या तिघांना उष्णता वेगवेगळी लागते. पीव्हीसी नुसत्या कढत पाण्यातही मऊ पडतं. एबीएस १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास आल्याशिवाय दाद देत नाही, म्हणजे उकळत्या पाण्यातही ते आपला आकार सोडत नाही. आमचा सगळा व्यवहार या फरकावर चालतो. फिगर उकळत्या पाण्यात धरली की डोकं मऊ होतं, पण ज्या गोळीवर ते बसलेलं असतं ती गोळी कडकच राहते. मग डोकं अलगद ओढलं की सुटतं. मऊ झालेला पंजाही तसाच मनगटातून निघतो.

पातेलं मात्र वेगळं ठेवा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात, ते पोटात जायच्या लायकीचे नसतात. आमच्या आईने एकदा चहाच्या पातेल्यात तरंगणारा डोळे वटारलेला हल्क पाहिला, आणि “हे पातेलं आता तुझं. चहा पण तूच कर आणि तूच पी,” असं म्हणून नवीन पातेलं आणलं. तेव्हापासून माझ्याकडे स्वतंत्र पातेलं आहे. आमच्या फ्रीजची तक्रारही अशीच. फेविक्विकच्या जातीचा सांधा थंडीत ठिसूळ होतो, म्हणून कुणीतरी आधी चिकटवून ठेवलेला हात सोडवायचा असला की फिगर पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये टाकायची आणि सकाळी एक हलका झटका द्यायचा. पण फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी जीभ काढलेलं व्हेनमचं डोकं सापडलं की घरात काय होतं ते सांगायला नको. आणि हो, गारठलेलं पीव्हीसीसुद्धा ठिसूळ होतं. झटका जोरात दिला तर सांध्याऐवजी मनगट मोडतं.

डोकं-हात निघाले म्हणजे काहीच निघालं नाही. खरा किल्ला धड. खांद्याचा सांधा बदलायचा, कंबर फिरती करायची किंवा आतली स्प्रिंग दुरुस्त करायची, तर छाती आणि पाठ वेगळी करावी लागते. कारण खांद्याची खुंटी आतून अडकवून मगच ही दोन शकलं मिटवलेली असतात. मिटवायच्या तऱ्हा अनेक. काही कारखाने आतल्या खुंट्या समोरच्या भोकांत दाबून बसवतात आणि थेंबभर ग्लू सोडतात. ही फिगर म्हणजे भाग्य. गरम करायची, काखेखालची शिवण शोधायची, पातळ पातं तिथे ठेवून कापायचं नाही, नुसतं डोलवायचं. मग चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून हळू पिळायचं. ‘टक’ असा आवाज येतो. एक खुंटी सुटली. पुन्हा टक, दुसरी. ज्याच्या कानाला हा आवाज कळला तो अर्धा कारागीर झाला. त्याऐवजी ‘चर्र’ आवाज आला तर हात जागच्या जागी थांबवा. खुंटी सुटत नाहीये, प्लास्टिक फाटतंय.

दुसरी तऱ्हा सॉल्व्हंटची. इथे दोन्ही शकलांची कड विरघळवून एकमेकींत मिसळून टाकलेली असते. वाळल्यावर शिवण डोळ्यांना दिसते, पण ती नुसती रेघ असते. आत एकच प्लास्टिक झालेलं असतं. तिथे पातं घालून उपयोग नाही. सोनारकामाची बारीक करवत घ्यायची आणि मुकाट्याने कापायचं. तिसरी तऱ्हा अल्ट्रासॉनिक वेल्डिंगची. सेकंदाला २० हजार किंवा त्याहून जास्त कंपनं देणारं यंत्र दोन शकलं दाबून धरतं. एका शकलाच्या कडेला मुद्दाम ठेवलेली बारीक टोकदार कड घासून वितळते आणि क्षणात, बहुधा एका सेकंदाच्या आत, जोड बसतो. ग्लू नाही, वाळायची वाट नाही, कामगाराच्या हाताला वास नाही. कारखान्याला याहून स्वस्त काय हवं? स्क्रू लावायचा तर स्क्रूचे पैसे, तो पिळणाऱ्या माणसाचा वेळ, आणि पाठीवर दिसणारं भोक. म्हणून बहुतेक फिगरा चिकटवलेल्या किंवा वेल्ड केलेल्या येतात. त्यात आम्हाला अडवायचा कुणाचा डाव नसतो. आमचा विचारही कुणी केलेला नसतो.

एका बाबतीत मात्र ग्लू लावला गेला तो जिवाच्या भीतीने, आणि तो किस्सा या जगात सगळ्यांना पाठ आहे. १९७९ मध्ये केनरने एक योजना काढली. ‘स्टार वॉर्स’च्या चार फिगरांच्या वेष्टणावरचे खरेदीचे पुरावे कापून पाठवा आणि बोबा फेट हा नवा खलनायक टपालाने फुकट मिळवा. जाहिरातीत त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून लाल रॉकेट सुटताना दाखवलं होतं. पोरं वेडी झाली. पण त्याच्या थोडंच आधी, १९७८ च्या अखेरीस, मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या एका खेळण्यातलं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून अमेरिकेत चार वर्षांचा एक मुलगा गेला. सगळ्या कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. केनरने छापून तयार असलेल्या जाहिरातींवर रॉकेटचा भाग झाकणारे स्टिकर लावले, रॉकेट पिशवीत कायमचं पक्कं बसवून टाकलं आणि फिगरसोबत एक चिठ्ठी घातली, की सुरक्षेसाठी रॉकेट सोडायची सोय काढली आहे. हजारो मुलांनी टपालाचा डबा उघडला आणि रॉकेट हलेना. रॉकेट सुटणारा बोबा फेट दुकानात कधी आलाच नाही, केनरच्या आतल्या नमुन्यांपुरता उरला. त्या नमुन्यांच्या पाठीत रॉकेटचा खटका सरकायला खाच असते. एकीचा आकार इंग्रजी ‘जे’सारखा, दुसरीचा ‘एल’सारखा, आणि संग्राहक भिंग लावून ती खाच तपासतात. असा हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. एका न लावलेल्या जोडाची ही किंमत! म्हणून कुणी “आमच्याकडे रॉकेटवाला बोबा फेट आहे” म्हणालं, तर आधी हसू आवरावं आणि मग पाठ बघावी. नकला पैशाला पासरी आहेत.

लहान भाग गिळले जाऊ नयेत म्हणून अमेरिकेत पुढे सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्याची चाचणी आली. त्या नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्याआधीच, २०२० मध्ये, आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं होतं, २०२३ मध्ये ७० झालं. देशी खेळण्यांना त्याचा फायदा झाला असेल, पण आमची पंचाईत झाली. मार्व्हल लेजेंड्सची एखादी फिगर केवळ तिच्या दोन हातांसाठी विकत घ्यायची आणि बाकीची डब्यात टाकायची, ही अमेरिकन चैन इकडे परवडत नाही. आम्ही जुनी, तुटकी, हात नसलेली, भंगारातली फिगर शोधतो, आणि एकाच्या मांड्या दुसऱ्याला लावून तिसराच माणूस उभा करतो.

इथे ‘बक’ उपयोगी पडतं. बक म्हणजे कंपनीने एकदा साचा पाडून वर्षानुवर्षं वापरलेलं अंग. वर डोकं बदलायचं, रंग बदलायचा, की झाला नवा सुपरहीरो. मार्व्हल लेजेंड्सची मालिका २००२ मध्ये टॉय बिझने सुरू केली, २००७ पासून ती हॅस्ब्रोकडे आहे, आणि दोघांनीही हे मनसोक्त केलं. आमच्या दृष्टीने हे वरदान. दोन फिगरा एकाच बकच्या असल्या की एकीचा खांदा दुसरीत कुरकुर न करता बसतो. डोळ्यांनी हे ओळखायला शिका. वेष्टणावरच्या नावापेक्षा पोटावरचे स्नायू जास्त खरं बोलतात.

आता ही-मॅनच्या पोटाकडे येतो. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ही-मॅन मिळायचा तो ‘लिओ’चा, म्हणजे मॅटेल आणि ब्लो प्लास्ट यांच्या भागीदारीतला. एका गृहस्थांनी त्यांचा लहानपणीचा ही-मॅन माझ्याकडे आणला. आता स्वतः पन्नाशीकडे झुकलेले. कंबर पिळून सोडली की हा गडी झटक्यात फिरून ठोसा मारायचा, तो आता मारत नव्हता. पायही लोंबत होते. सोबत त्यांची मुलगी आली होती, कॉलेजात जाणारी. “बाबा, तुम्ही याच्याशी खेळायचात?” असं ती तीनदा तरी म्हणाली असेल. पाय सोपे होते. त्या जुन्या फिगरांचे पाय आतून रबरी दुव्याने बांधलेले असतात आणि रबर वयाने सैल पडतं, तसं पडलं होतं. धड गरम केलं, शिवणीत पातं डोलवलं, टक टक करत पाठ सुटली. आत होती एक पोलादी स्प्रिंग, गंजून तांबडी झालेली, आणि तिच्याभोवती गुंडाळलेला शिवणाचा दोरा. आधी कुणीतरी हे धड उघडलं होतं. गृहस्थ टेबलावर वाकले. “हे आमच्या नानांचं काम,” ते म्हणाले. त्यांचे वडील गिरणीत मेंटेनन्सला होते. मुलासमोर त्यांनी फिगर कधी उघडली नव्हती. मोडलेला ही-मॅन सकाळी पुन्हा ठोसे मारत होता एवढंच त्या वेळी घरात कळलं होतं. दोरा मी काढला, स्प्रिंग बदलली. दोरा त्यांनी रुमालात घेतला. उघडताना नानांनी शिवणीवर एकही ओरखडा पाडला नव्हता. ब्लेड, घासलेट आणि गरम पाणी सोडून त्यांच्याकडे दुसरं काय असणार? इतकी स्वच्छ उघडलेली फिगर मी क्वचितच पाहिली आहे.

उलट आजकालची पोरं व्हिडिओ बघून येतात आणि थेट नेलपॉलिश रिमूव्हर लावतात. त्यात पुष्कळदा ॲसिटोन असतं. ॲसिटोनने एबीएस विरघळतं. एका मुलाने आयर्न मॅनच्या छातीवरचा लाल रंग काढायला कापूस भिजवून रात्रभर ठेवला. सकाळी रंग गेला होता, छातीही गेली होती. कापूस मात्र आत रुतून बसला होता, आणि तो मला विचारत होता, “काका, हे आता बॅटल डॅमेज म्हणून चालेल ना?” चाललं. त्याच खड्ड्यात एम-सील भरून आम्ही तुटलेलं चिलखत केलं. रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, वेळ लागतो एवढंच. आणि गरम सळईने किंवा सोल्डरिंगने पीव्हीसी कापू नका. जळतं तेव्हा त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं, त्याने घसा आणि डोळे दोन्ही जळतात. घासायचं असेल तर वॉटर पेपर ओला करून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. आणि तोंडावर मास्क, डाव्या हातात जाड चामडी हातमोजा. गरम पीव्हीसी पात्याला बराच वेळ अडवतं आणि मग एकदम सोडतं. समोर अंगठा असतो.

एम-सीलशिवाय इकडच्या कस्टमायझरचं पान हलत नाही. परदेशात यासाठी खास पुट्ट्या मिळतात, महाग मिळतात. आपण नळाची गळती बुजवायची ती दोन रंगांची पुडी आणतो, हात ओला ठेवून मळतो आणि तासाभरात काय घडवायचं ते घडवतो. माझ्याकडे दिवाळीच्या आधी एक आजोबा आले होते. नातवाने अंगणात किल्ला केला होता. बाजारातले मातीचे मावळे त्याला नको होते, हात हलणारा हवा होता. आजोबांनी सोबत एका अमेरिकन सुपरहीरोची फिगर आणली, निळी, तटतटलेली. म्हणाले, “यावर मावळा चढवा.” मी पगडीचं, अंगरख्याचं, ढाल-तलवारीचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “बाकी ठीक आहे. पण याचे दंड कमी करा हो. मावळा आहे, जिमवाला नाही.” मग कानस घेऊन त्या सुपरहीरोचे दंड उतरवले. एबीएस कानशीने छान उतरतं, पीव्हीसी मात्र कानशीच्या दातांत अडकून बसतं, म्हणून मनगटाला हात लावला नाही. पंजा गरम करून तलवारीच्या मुठीभोवती मिटवला आणि थंड पाण्यात बुडवला, की मूठ घट्ट. पगडी एम-सीलची. अंगरख्यासाठी मलमलीचा तुकडा फेविकॉलच्या पाण्यात बुडवून अंगावर वाळवला.

कोपराचा सांधा पीओएमचा निघाला आणि त्याला फेविक्विक चिकटत नाही. जगातला बहुतेक कुठलाच ग्लू नीट चिकटत नाही. अशा वेळी बारीक भोक पाडून यू-पिनची तार आत घालावी लागते. रंगातही खोच असते. हलणाऱ्या सांध्यावर रंग जाड बसला की पहिल्याच दिवशी घासून आतला निळा दिसतो. म्हणून दोन भाग जिथे एकमेकांना घासतात तिथे आधी पॉलिश पेपरने थोडं उतरवून जागा करायची, मग पातळ हात द्यायचे. हे ग्राहकाला दिसत नाही, पण सगळी मेहनत तिथेच जाते. मावळ्याला किल्ल्याच्या दिंडीदरवाजात जागा मिळाली. आजोबांनी फोटो पाठवला. शेजारी, राखेच्या बुरुजावर, नातवाने स्पायडरमॅनही बसवलेला होता.

सगळ्या फिगरा अशा चिकटलेल्या नसतात, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. जी. आय. जो हा हॅस्ब्रोचा सैनिक १९६४ मध्ये बारा इंची जन्मला. १९८२ मध्ये तो पावणेचार इंची होऊन परत आला, तेव्हा त्याच्या आत एक साधी, सुंदर युक्ती होती. पाठीवर एक स्क्रू, आणि आत एक रबरी रिंग. ती रिंग कमरेतून जाऊन छाती आणि पाय एकत्र खेचून धरते. हात छाती-पाठीच्या मध्ये अडकलेले. स्क्रू काढला की पूर्ण माणूस तळहातावर सुटा होतो. दुरुस्ती होते, अदलाबदल होते, काही फाटत नाही. आपल्याकडे हे जो आले फनस्कूलमार्फत. एमआरएफने उभ्या केलेल्या या कंपनीचा कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोचे साचे इकडे यायचे आणि रंगसंगती इकडची असायची, कधी अशी भडक की अमेरिकन संग्राहक अजून तोंडात बोट घालतात आणि तरीही त्या शोधत फिरतात. दूरदर्शनवर ‘स्ट्रीट हॉक’ ही मालिका गाजत होती, तर फनस्कूलने जोच्या अंगाचा आपला स्ट्रीट हॉकही काढला. तो अमेरिकेत कुणाच्याच कपाटात नव्हता. २००२ पासून हॅस्ब्रोने बहुतेक जोंमधून ती रबरी रिंग काढून टाकली. हॅस्ब्रोने कारण काहीही दिलं असो, माझ्या मते त्या दिवशी पोरांकडून दुरुस्तीचा हक्क गेला.

आता तुमच्याशी थोडं. उन्हाळ्यात माळा साफ कराल तेव्हा एखाद्या डब्यात कंबर तुटलेला, पाय सुटलेला फनस्कूलचा जो निघेल. तो तुटलेला नसतो, त्याची रिंग वाळून तुटलेली असते. फेकू नका, आणि कस्टमच्या नादात त्याला ब्लेडही लावू नका. हात बसवायचा सराव जत्रेतल्या नकली फिगरांवर करा. या जोसाठी घड्याळजीचा छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या, पाठीवरचा स्क्रू सोडा, जुनी रिंग नमुन्याला घेऊन नळाच्या सामानाच्या दुकानात जा आणि त्याच मापाची नवी मागा. दुकानदार काही रुपयांत देतो.